डावा डोळा, उजवा मॉनिटर

बाबांनी मायचा फोटो नापास केला तेव्हा माझ्या स्टुडिओत रंगाची चूक होणं अशक्य होतं. निदान माझी तशी समजूत होती, आणि ती समजूत करून घ्यायला मी बरीच मेहनत घेतली होती.

शेलूबाजारला हायवेच्या कडेला, जीपा लागतात त्याच्या समोर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, भावी सरपंचांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, जे येईल ते करतो. कितीतरी वर्षं मी अंदाजपंचे रंग लावायचो आणि लोक अंदाजपंचे खूश व्हायचे. मग मी इंटरनेटवर फोटो एडिटिंगचे व्हिडिओ पाहायला लागलो आणि माझं सुख संपलं. त्यातला दाढीवाला माणूस म्हणाला, तुमच्यासमोरचा मॉनिटर खोटं बोलतो. त्या दिवसापासून मला समोरच्या कशावरच विश्वास ठेवता येईना.

गोष्ट तशी सोपी आहे. प्रत्येक मॉनिटर रंग थोडेफार चुकवून दाखवतो. कोणता किती चुकवतो हे मोजायचं आणि त्याची एक फाइल करून ठेवायची. मग कॉम्प्युटर तेवढी चूक उलटी करून रंग पाठवतो. या फाइलला कलर प्रोफाइल म्हणतात. आपला एखादा पाहुणा प्रत्येक गोष्ट दुप्पट करून सांगतो हे ठाऊक असलं की आपण ऐकताना निम्मी करून घेतो, तसंच हे. फरक इतकाच की पाहुण्याला मोजायचं यंत्र विकत मिळत नाही, मॉनिटरला मोजायचं मिळतं. मी घेतलं. उंदराएवढं यंत्र, वायरीने पडद्यावर लोंबकळत ठेवायचं. बायकोने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "काहून, याले ताप आला का?"

मॉनिटर दोन होते. उजवा नवा, महागाचा, ज्याच्यासाठी मी बायकोशी सहा महिने भांडलो. डावा जुना, उन्हात राहिलेल्या वर्तमानपत्रासारखा पिवळा पडलेला. त्याचंही प्रोफाइल केलं, पण म्हाताऱ्याला टॉनिक देऊन पहिलवान होत नसतो. तेव्हा फोटो उजव्यावर पाहायचा आणि फाइलींची यादी डाव्यावर ठेवायची, असा नियम केला. भिंतींना करडा रंग दिला, कारण रंगीत भिंतीचा उजेड डोळ्याला फसवतो. पेंटरने दबक्या आवाजात विचारलं, घरात काही वाईट झालं का. काम करताना मी काळा टी-शर्ट घालू लागलो. देवाच्या फोटोपुढचा लाल बल्बसुद्धा काढला. देवाला त्याचं काही वाटलं नसावं, पण माझ्या मायला वाटलं. तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

गिऱ्हाइकांना यातलं काहीच नको होतं. आमच्याकडे अल्बम पसंत करायला नवरदेव एकटा येत नाही. जीपभर माणसं येतात, आणि सगळ्यात मोठा आवाज मामाचा असतो. मंडळी उजव्या मॉनिटरकडे पाहून गप्प बसायची आणि डाव्याकडे पाहून खुलायची. डाव्यावर सगळं कसं हळदीच्या दिवसासारखं पिवळंधमक. मी समजावून सांगायचो की डावा खोटा आहे, उजवा खरा. शेवटी एका मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, तुमचं मशीन बराबर असन. पण नवरदेव तं आमचा हाय ना." मी त्या मामाला अडाणी ठरवून टाकलं. त्या काळात मी बऱ्याच लोकांना अडाणी ठरवलं होतं.

याच वेडात मायचा फोटो निघाला. नवा कॅमेरा, नवा मॉनिटर, सगळं जुळतं का पाहायला एक माणूस हवा होता. माय शेतातून वांग्यांची पिशवी घेऊन आली होती. तिला दारातल्या उजेडात स्टुलावर बसवलं आणि हातात ग्रे कार्ड दिलं. म्हणजे एक साधा करडा पुठ्ठा. फोटोत तो बरोबर करडा दिसला की बाकीचे रंगही बरोबर, असा हिशोब.

"हे पुठ्ठं कायले?" तिने विचारलं.

"तुझा रंग बरोबर यावा म्हणून."

"माहा रंग तुले माईत नाई का?"

तरी तिने तो छातीशी दोन्ही हातांनी धरला, पोलिसांनी पकडलेला माणूस पाटी धरतो तसा, आणि वैतागून माझ्याकडे पाहिलं. अंगावर तिची वांगी रंगाची साडी होती. बाबांनी स्वतः निवडून आणलेली. मी फोटो काढला, पुठ्ठा तपासला, मायकडे पाहिलंच नाही. "जमलं," म्हणालो, आणि ती स्वयंपाकाला गेली.

गेल्या वर्षी ती आठ दिवसांच्या दुखण्याने गेली. मग मी सगळ्या हार्ड डिस्क उपसल्या. कुठे ती पाठमोरी, कुठे डोळे मिटलेली, कुठे पंगतीत वाढताना नुसता हात. मी गावोगावच्या पोरींच्या पाठवणीचे अश्रू टिपत हिंडलो आणि माझ्या मायचा धड फोटो माझ्याकडे एकच, तोही चाचणीचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला माझी लाज वाटली, अजूनही वाटते.

आता बाबांबद्दल. ओढ्याकाठी आमचा भाजीपाल्याचा मळा आहे आणि वांग्यांच्या बाबतीत बाबांचा शब्द शेवटचा. बाजारात लांबूनच कॅरेट बघून ते सांगायचे, हे सकाळचं तोडलेलं, हे कालचं, हे पाणी मारून ताजं केलेलं. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. वाशिमला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन लेन्स बसली. डाव्याचं महिन्याने करायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की डावा पार पिकला आहे, उशीर करू नका. उशीर करण्यासारखं नव्हतंही. विहिरीजवळच्या पायऱ्यांवर ते दोनदा घसरले होते. दुसऱ्या वेळी विहिरीच्या बाजूला घसरले.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली आणि घरात तक्रारी सुरू झाल्या. पहिली धोतराची. "सूनबाई, नीळ लय घालून राह्यली तू."

"मामाजी, नीळ संपून महिना झाला," बायको म्हणाली.

"मंग हे निळं काहून दिसते?"

बायकोने साबण बदलला. धोतर निळंच राहिलं. मग बाबा एक दिवस पिशवीभर वांगी घेऊन रोपवाल्याच्या दुकानावर गेले. मला फोन आला की वडिलांना घेऊन जा. जाऊन पाहतो तर काउंटरवर वांगी मांडलेली आणि भोवती माणसं जमलेली.

"मी काळं वांगं मागतलं होतं," बाबा म्हणत होते. "हे जांभळं देल्लं यानं मले."

रोपवाला घामाघूम झाला होता. "काकाजी, याच झाडाचे वांगे तुमी महिन्याभराआधी विकले. तवा नाई बोलले."

"तवा बराबर होते. आता बिघडले."

 रोपवाल्याने सगळ्यांना चहा पाजला आणि पुढच्या खेपेला दोन ओळींची रोपं जास्तीची देईन म्हणाला. चूक नसताना नुकसान भरून देणारा तो तालुक्यातला पहिला व्यापारी असावा. आणि मी, रंगांचा एवढा मोठा पंडित, मी काय सांगितलं? म्हणालो, खत बदललं असेल.

वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं तेव्हा मी मायचा फोटो तयार केला. भिंतीवर लावायचा, मोठा. पुठ्ठा मोजून एकेक रंग जागेवर बसवला. इतका शुद्ध फोटो मी आयुष्यात केला नव्हता. बाबांना स्टुडिओत आणून त्याच स्टुलावर बसवलं, काळा चष्मा काढायला लावला आणि उजव्या मॉनिटरवर फोटो उघडला. ते म्हणतील काहीतरी, डोळे पुसतील, मीही पुसेन, अशी माझी तयारी होती.

बाबा बराच वेळ पाहत राहिले. "चेहरा तिचा हाय," ते म्हणाले. "पण हे ते नाई."

"म्हणजे?"

"हे साडी तिची नाई. रंग पाह्य ना. अन् चेहरा कसा धुतल्यावानी करून ठेवला."

घर स्टुडिओच्या मागेच आहे. मी बायकोला हाक मारून ट्रंकेतली साडी आणायला सांगितली आणि तिचा पदर मॉनिटरला लावून धरला. पदर कुठे संपतो आणि फोटो कुठे सुरू होतो ते कळू नये, इतका रंग जुळला. असा क्षण व्हिडिओतल्या दाढीवाल्यालाही मिळाला नसेल. मी विजयी चेहऱ्याने बाबांकडे पाहिलं.

त्यांनी साडीवरून हात फिरवला, काठ चिमटीत धरून पाहिला आणि बायकोकडे वळून म्हणाले, "इले बी नीळ घातली तू."

मग त्यांनी डाव्या मॉनिटरकडे बोट केलं. तिथे फाइलींच्या यादीत तोच फोटो तिकिटाएवढा दिसत होता. "हे पाह्य. हे तं बसली ना अथी. मंग तो मोठा कायले करून राह्यला?"

माझं डोकं फिरलं. "बाबा, तो मॉनिटर बिघडलेला आहे. कार्ड खरं सांगतंय, मशीन खरं सांगतंय, साडी हातात आहे. तुमाले रंगातलं काय समजते?"

पन्नास वर्षं रंग पाहून वांगं तोडणाऱ्या माणसाला मी हे विचारलं. बाबा उठले आणि चष्मा शोधायला लागले. बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं, पण माफी मागण्याइतकं नाही, कारण माझं मशीन बरोबर होतं.

बायकोने त्यांना जाऊ दिलं नाही. औषधाची वेळ झाली होती. ऑपरेशनच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं तो मिटून ठेवायचा, हे तिच्याकडे होतं. तिने त्यांना पुन्हा स्टुलावर बसवलं, थेंब टाकले आणि म्हणाली, "उघडू नका, मामाजी." बाबा उजवा डोळा मिटून, नाइलाजाने समोर पाहत बसले. समोर उजवा मॉनिटर होता.

"आता काय केलं तुनं?" त्यांनी मला विचारलं. आवाज एकदम बदलला होता.

"कुठं काय केलं? हातही लावला नाही."

"आली ते," बाबा म्हणाले. "धुरकट दिसते, पण आता बराबर तुही माय आली."

मी मॉनिटरकडे पाहिलं. काहीच बदललं नव्हतं. मला वाटलं, म्हाताऱ्याला भास होतोय. बायको मात्र तशीच उभी होती, हातात थेंबांची बाटली. मग ती आत गेली आणि भाजीसाठी ठेवलेलं एक वांगं घेऊन आली. "मामाजी, हे कसं दिसते?"

"काळं. असंच पाह्यजे."

पाच मिनिटं झाल्यावर तिने त्यांना उजवा डोळा उघडायला लावला आणि डाव्यावर स्वतःचा हात ठेवला. "आता?"

बाबांनी वांगं हातात घेतलं, फिरवून पाहिलं. "जांभळं झालं," ते म्हणाले, आणि मग त्यांनाच हसू आलं. "म्हंजे वांगं बराबर हाय. मीच बिघडलो."

मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं. वर्षावर्षाला थोडं थोडं, म्हणून माणसाला कळत नाही. एक डोळा नवा झाला की एकदम कळतं. एक मॉनिटर नवा, एक जुना, आणि दोघांचं जमत नाही, हे दुखणं मी दोन वर्षं उशाशी घेऊन झोपत होतो. तेच माझ्या बापाच्या तोंडावर होतं आणि मी खत बदललं म्हणालो. बायको दहावी शिकलेली, तिने ते एका वांग्यात सोडवलं. मी त्या दिवशी काळा टी-शर्ट काढून ठेवला.

रोपवाल्याचा प्रश्न मिटला, पण त्याहून मोठा उभा राहिला. आठ दिवसांनी डाव्या डोळ्याची तारीख होती. त्या सकाळी बाबा म्हणाले, "मी येत नाई. तो डोळा राहू दे."

"बाबा, तो पिकला आहे. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं ना तुम्ही?"

"पिकू दे."

"विहिरीत पडायचं आहे का?"

ते अंगणात उतरले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "धा वर्स म्या तिले याच डोळ्यानं पाह्यलं. ते भिंग काढून टाकलं तं ते मले कोठी दिसन? तुह्या त्या फोटोत? तथी तं ते नाई."

मला राग आला आणि रडू आलं, दोन्ही एकाच वेळी, आणि मी स्टुडिओत येऊन बसलो. माणूस एका डोळ्याने आंधळा व्हायला तयार होता, कारण माझा फोटो फार बरोबर होता. जिल्ह्यात एवढं महागाचं यंत्र कोणाकडे नसेल, आणि त्याच्या जोरावर मी काय केलं, तर बापाच्या नजरेतून माय पुसून टाकली. तो मामा आठवला. नवरदेव आमचा आहे म्हणाला होता. तो अडाणी नव्हता.

मग मला सुचलं ते अगदी साधं होतं. आजवर मी प्रत्येक फोटोतला पिवळा काढत आलो होतो, यंत्राने मोजून. आता घालायचा होता, आणि मोजायचं यंत्र होते बाबा.

मी त्यांना तीन दुपारी स्टुडिओत बसवलं. उजव्या मॉनिटरवर शुद्ध फोटो ठेवला. डाव्याचं प्रोफाइल पुसून टाकलं आणि त्यावर तोच फोटो पिवळा करायला घेतला. डोळा झाकायला मायने धरलेला तोच करडा पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. पुठ्ठ्याने उजवा डोळा झाकायचा, डाव्या डोळ्याने उजवा मॉनिटर पाहायचा, म्हणजे मायला ते जसं बघत होते तसं. मग पुठ्ठा दुसऱ्या बाजूला, नव्या डोळ्याने डावा मॉनिटर पाहायचा आणि फरक सांगायचा. बाजारात भाव करताना दाखवत नसतील इतका धीर त्यांनी दाखवला.

"लय पिवळी केली. कावीळ झाल्यावानी दिसते."

मी कमी केला.

"साडी आखीन काळी पाह्यजे. पण पार तोडीले आल्या वांग्यावानी नको. तोडायच्या आदल्या दिवशी असते, तशी."

कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तोडायच्या आदल्या दिवसासाठी आकडा नाही. तरी मला समजलं, कारण मीही त्याच मळ्यात वाढलो होतो. तिसऱ्या दुपारी त्यांनी पुठ्ठा इकडून तिकडे केला, परत इकडे केला, आणि खाली मांडीवर ठेवला. "हाय," म्हणाले. "आता दोन्हीकडं तेच हाय." डाव्या मॉनिटरचा स्वतःचा पिवळाही मोजून त्यात मिळवला, ते सगळे आकडे मी एका फाइलीत जपून ठेवले आणि फाइलीला नाव दिलं, बाबांचा डावा डोळा.

फोटो छापायला अकोल्याच्या लॅबमध्ये पाठवला. तिथून लगेच फोन. "भाऊ, फोटोले कावीळ झाली हो. चुकीची फाइल आली का? दुरुस्त करून देऊ?"

"हात लावू नको," मी म्हणालो. हा तोच लॅबवाला, ज्याला मी दोन वर्षं रंगांवर प्रवचनं दिली होती. 

वर्षश्राद्धाला फोटो भिंतीवर होता. जेवून उठलेल्या प्रत्येक पाहुण्याने त्याच्यापुढे उभं राहून मत दिलं. आत्याचे यजमान म्हणाले, "फोटोग्राफरच्या घरी असा फोटो? दुसऱ्याच्या हातून तरी करून घ्यायचा." कोणी विचारलं, तिच्या हातात हे काय आहे, नारळ का नाही दिला. पुठ्ठा मी कापला नव्हता. बाबांनीच कापू दिला नाही. तो आता करडा राहिलेला नाही, पायलीभर हळद सांडल्यासारखा दिसतो. धंद्यातला कोणीही दारातून आत येताक्षणी ओळखेल की या घरात रंगाची अक्कल नाही. मी सगळ्यांना जिलेबी वाढत होतो.

त्या रात्री बाबांनी स्वतःच धोतर-बंडी पिशवीत भरून ठेवली. सकाळी मला म्हणाले, "चाल वाशिमले. तारीख गेली असन तं नवी घेऊ." तारीख मिळाली आणि ऑपरेशन झालं.

डाव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी घरी आल्या आल्या ते चपला न काढता फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मी मागे उभा होतो. त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा, मग दोन्ही उघडे ठेवून पाहत राहिले.  मग ते वळले. दारातून त्यांना दोरीवरचं धोतर दिसलं असेल, अंगणातलं वांग्याचं कॅरेट, पलीकडे हायवेवर उभ्या असलेल्या जीपा आणि वरचं आभाळ.

"तुही माय तेवढी बराबर राह्यली," बाबा म्हणाले. "बाकी समद्याले नीळ लागली."